स्नोब्लोअरचे झिजलेले भाग घरच्या घरी कसे बदलायचे

बफेलो, रॉचेस्टर, मिनियापोलिस, मिशिगन, टोरंटोच्या उत्तरेकडचं बॅरी. अशा ठिकाणी जुनं घर घेतलं की स्नोब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ उचलून बाजूला फेकणारं मशीन, पुष्कळदा घराबरोबरच पदरात पडतो. आधीचे मालक फ्लोरिडाला निघालेले असतात, त्यांना आता या मशीनचं तोंडही बघायचं नसतं. पहिल्या बर्फाला आपण दोरी ओढतो, इंजिन सुरू होतं, आवाज भरपूर करतं आणि बर्फ मात्र पायाशीच सांडतो. इंजिन गेलं असं धरून मशीन दुकानात जातं. तिथे डिसेंबरातली रांग असते, आणि शेवटी बिल निघतं ते एका बेल्टचं.

ज्यांनी आजवर सायकलची चेन चढवण्यापलीकडे फारसं काही उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथली बहुतेक कामं गराजमध्ये, साध्या पान्यांनी, एका शनिवारी दुपारी होतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. या मशीनमधले काही भाग मुद्दाम स्वस्त आणि नरम ठेवलेले असतात. ते झिजतात किंवा तुटतात, म्हणून त्यांच्या मागचा महाग भाग वाचतो. स्किड शू (जमिनीवर सरकणारा जोडा) झिजतो म्हणून स्क्रेपर बार (तोंडाखालची आडवी पट्टी) टिकतो. स्क्रेपर बार झिजतो म्हणून पुढच्या तोंडाचा पत्रा टिकतो. शिअर पिन (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारी खीळ) तुटते म्हणून गिअरबॉक्स वाचतो. त्यामुळे कुठलाही भाग हातात घेतला की विचारा, हा कोणाला वाचवतोय? त्याचं उत्तर कळलं की तो कधी बदलायचा हेही कळतं, आणि त्याच्या जागी आणखी मजबूत काहीतरी ठोकून बसवायचा मोह होत नाही.

कधी करायचं

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं बाहेर काढून, पुसून पूजा करतात. ती बहुतेक ऑक्टोबरात येते, कधी सप्टेंबरअखेर. इथल्या हिशेबानेही तोच योग्य मुहूर्त आहे. थंडी अजून बोटांना लागलेली नसते, दुकानात सुटे भाग असतात आणि चुकीचा भाग आला तर परत करायला वेळ असतो. बर्फ काही डिसेंबरची वाट बघत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात ८० इंच बर्फ पडला होता. असं वादळ जाहीर झालं की शिअर पिनची पाकिटं दुकानातून आधी गायब होतात. तेव्हा हळदकुंकू लावायच्या आधी स्किड शू बघून घ्या.

आधी मशीन ओळखा

सिंगल-स्टेज मशीन हलकं असतं. पुढे रबराची पाती असतात, तीच जमिनीला घासत बर्फ उचलतात आणि तीच फेकतात. टू-स्टेजमध्ये पुढे लोखंडी दातेरी ऑगर असतो, तो बर्फ मध्यभागी ओढतो. त्याच्या मागे इम्पेलर नावाचा पंखा असतो, तो बर्फ च्यूटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या नळीतून, लांब उडवतो. याची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात. थ्री-स्टेजमध्ये मध्ये आणखी एक ऑगर येतो, पण झिजणाऱ्या भागांपुरतं ते टू-स्टेजच समजा. बॅटरीवरच्या मशीनला तेल-प्लगची कटकट नाही, पाती, स्क्रेपर आणि शू मात्र त्याचेही झिजतातच.

मग मॉडेल नंबर शोधा. तो मशीनच्या सांगाड्यावर, बहुतेक मागच्या बाजूला, छोट्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. इंजिनावर वेगळा नंबर असतो. मशीन एका कंपनीचं आणि इंजिन दुसऱ्याच कंपनीचं, हे इथे सर्रास चालतं. बेल्ट, पिन, शू मागवायचे तर मशीनचा नंबर लागतो. प्लग किंवा कार्बुरेटर मागवायचा तर इंजिनाचा. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. त्याच नंबरावर कंपनीच्या साइटवर मॅन्युअल आणि भागांची आकृती मिळते. ती आकृती छापून गराजच्या भिंतीला चिकटवा. कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता, हे तिथे बघितल्याशिवाय आठवत नाही.

भाग कंपनीचेच घ्यायचे की बाहेरचे? माझं मत असं: स्किड शू आणि स्क्रेपर बार बाहेरचे घेतले तरी चालतात, फक्त भोकांची मापं जुळली पाहिजेत. बेल्ट आणि शिअर पिन मात्र कंपनीचेच घ्या. कारण पुढे येईलच.

हात घालण्यापूर्वी

पेट्रोलचं मशीन असेल तर किल्ली काढून खिशात टाका आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला वळवून ठेवा. बॅटरीचं असेल तर बॅटरी काढा, वायरीचं असेल तर प्लग उपसा. काम दोन मिनिटांचं असलं तरीही.

च्यूटमध्ये किंवा ऑगरमध्ये हात कधीच घालायचा नाही. स्नोब्लोअरने बोटं गमावणाऱ्यांची गोष्ट बहुतेक एकच असते: ओला बर्फ अडकला, इंजिन बंद केलं, हाताने मोकळा करायला गेले. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात ताण उरलेला असू शकतो, आणि अडथळा सुटला की तो क्षणभर फिरतो. मशीनबरोबर प्लॅस्टिकची फावडीवजा काठी येते ती यासाठीच. हरवली असेल तर झाडूचा दांडा वापरा.

मशीन उलटं-पालटं करायचं असेल तर आधी टाकीतलं पेट्रोल काढा. मशीन चालवून बघायचं ते गराजच्या बाहेर. दार उघडं आहे म्हणून आत चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हत्यारं म्हणाल तर सॉकेटचा सेट, दोन-तीन पाने, लॉकिंग पक्कड, हातोडी, पंच, तारेचा ब्रश, ग्रीस गन, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या आट्यांत मुरणारं तेल) आणि लाकडाचे ठोकळे. अमेरिकी मशीनवर बहुतेक इंचाचे नट-बोल्ट असतात, ७/१६, १/२, ९/१६ वगैरे, आणि त्यावरच्या आयात इंजिनावर मिलिमीटरचे. १३ मिमीचा सॉकेट १/२ इंचाच्या नटावर बसतो खरा, पण जरा सैल बसतो. गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग तो नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही. दोन्ही सेट ठेवा.

स्क्रेपर बार

सुरुवात इथून, कारण बाकीची उंची या पट्टीवरून मोजली जाते. पुढच्या तोंडाच्या खालच्या ओठाला आडवी लोखंडी पट्टी असते, तो स्क्रेपर बार. सिंगल-स्टेजमध्ये ती बहुधा प्लॅस्टिकची असते.

हँडल खाली दाबून मशीन मागे कलवा आणि तोंडाखाली ठोकळे द्या. आता पट्टीची खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. नवी पट्टी सरळ असते. झिजलेली बहुतेक एका कोपऱ्यात जास्त खाल्लेली दिसते, कारण आपण ड्राइव्हवेवर नेहमी एकाच बाजूने वळतो, किंवा एका बाजूचा स्किड शू वर सरकलेला असतो. कड घासत घासत मागच्या पत्र्यापर्यंत पोचायच्या आत पट्टी बदलायची. पत्रा घासू लागला की पुढचं काम वेल्डिंगवाल्याचं. बऱ्याच पट्ट्या दोन्ही कडांनी वापरता येतात. भोकं मध्यरेषेवर असतील तर पट्टी उलटी करून आणखी काही हिवाळे काढा, नवी घ्यायची घाई नको.

बोल्ट गोल डोक्याचे असतात आणि डोक्याखाली चौकोनी मान असते. ती मान पट्टीच्या चौकोनी भोकात बसते, म्हणून नट फिरवताना बोल्ट फिरत नाही. निदान फिरू नये अशी अपेक्षा असते. रस्त्यावरचं मीठ दहा वर्षं खाल्लेल्या मशीनमध्ये ही मान गंजून गोल झालेली असते आणि नटाबरोबर बोल्टही फिरत बसतो. म्हणून आदल्या रात्रीच प्रत्येक नटावर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी आधी तारेच्या ब्रशने आटे घासा, मग नट थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असा हलवत काढा. नुसता एका दिशेने जोर लावला तर बोल्ट तुटतो. बोल्ट फिरत असेल तर डोकं लॉकिंग पकडीत धरा. तरीही ऐकेना तर ग्राइंडरने नट कापा, आणि कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पट्टीबरोबर नवे नट-बोल्ट मागवलेले असतील तर त्या तुटक्या बोल्टचं दुःख होत नाही.

नवी पट्टी बसवताना सगळे बोल्ट आधी सैलच घाला. सगळी भोकं जुळली की मधल्या बोल्टपासून कडेकडे आवळत जा. आट्यांवर अँटी-सीझ, म्हणजे आटे गंजून चिकटू न देणारी पेस्ट, चोपडा. पुढच्या वेळी पट्टी काढणारे तुम्हीच असणार आहात.

स्किड शू

तोंडाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर सरकणारे हे दोन लोखंडी जोडे. त्यांच्यामुळे स्क्रेपर बार जमिनीपासून जरासा वर राहतो. तळ झिजून पातळ झाला असेल किंवा पुढची वळलेली कड सरळ झाली असेल तर बदला. यातलेही बरेचसे वरखाली उलटवून वापरता येतात. पेव्हर ब्लॉकचा किंवा डिझाइनचा ड्राइव्हवे असेल तर प्लॅस्टिकचे शू घ्या. लोखंडी शू त्यावर गंजाचे ओरखडे ठेवतात आणि ते उन्हाळाभर दिसतात.

बसवण्यापेक्षा उंची लावणं महत्त्वाचं. मशीन सपाट जमिनीवर उभं करा. डांबरी किंवा काँक्रीटचा ड्राइव्हवे असेल तर स्क्रेपर बारच्या दोन्ही टोकांखाली साधारण १/८ इंच, म्हणजे ३ मिमी जाडीची पट्टी सरकवा. पेंटच्या दुकानात रंग ढवळायला फुकट मिळणारी काठी छान चालते. आता दोन्ही शूंचे नट सैल करा, शू आपोआप जमिनीवर टेकतील. तसेच ठेवून नट आवळा आणि काठ्या काढून घ्या. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आल्या पाहिजेत, नाहीतर मशीन एका बाजूला ओढतं आणि नवी पट्टी पुन्हा कोपऱ्यातच झिजते. खडीचा ड्राइव्हवे असेल तर इंच-सव्वा इंच वर ठेवा. खाली थोडा बर्फ राहील, राहू द्या. च्यूटमधून उडालेला खडा शेजाऱ्यांच्या गाडीची काच सहज फोडतो.

शिअर पिन

टू-स्टेज मशीनचा हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ऑगरचे दोन भाग, डावा आणि उजवा, मधल्या शाफ्टवर सैल बसलेले असतात आणि एकेका पिनेने शाफ्टला जोडलेले असतात. बर्फात दडलेलं वर्तमानपत्राचं भेंडोळं किंवा गोठलेली वीट ऑगरमध्ये गेली की पिन तुटते, तो भाग फिरायचा थांबतो आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या विजेच्या फ्यूजचं जे काम, तेच हिचं. इंजिन चालू आहे, ऑगरची एक बाजू फिरतेय आणि दुसरी नुसती उभी आहे, असं दिसलं की पिन गेली समजा.

बदलायला पाच मिनिटं लागतात. ऑगर हाताने फिरवून त्याच्या नळीचं भोक आणि शाफ्टचं भोक एका रेषेत आणा. पिनेचा तुटका तुकडा बहुतेक आत राहिलेला असतो, तो पंच आणि हातोडीने हलकेच ठोकून बाहेर काढा. बाहेर आलेला तुकडा बघा: कापल्यासारखा सपाट, चकचकीत तुटलेला असेल तर पिनेने तिचं काम केलं. घासून मध्ये बारीक झालेला असेल तर भोकंच मोठी झाली आहेत आणि ऑगर शाफ्टवर खडखडतोय. त्याकडे आणखी लक्ष द्यायला हवं. नवी पिन घालून नट किंवा क्लिप लावा. नट नीट बसेल इतकाच आवळा, जीव खाऊन नको.

जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा बोल्ट मिळतो. तो लावू नका. शिअर पिन ठरावीक जोराला तुटावी अशा धातूची आणि तशीच खाच ठेवून बनवलेली असते. साधा बोल्ट, त्यातही कडक ग्रेडचा, तुटत नाही. मग त्याच्या जागी गिअरबॉक्सच्या आतलं चाक तुटतं, आणि ते काम नव्या मशीनच्या किमतीच्या जवळ जातं. घरात चार पिना जास्तीच्या ठेवा. काही मशीनवर त्या ठेवायला खास जागाच असते.

आणखी एक काम बहुतेक जण करतच नाहीत. वर्षातून एकदा दोन्ही पिना काढून ऑगर शाफ्टवर हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला पाहिजे. मग ऑगरच्या नळीवरच्या ग्रीस निपलमधून ग्रीस भरा, कडेने जरासं बाहेर येईपर्यंत, ऑगर फिरवत फिरवत, आणि पिना परत लावा. हे का, तर ऑगर गंजून शाफ्टलाच चिकटला की पिन तुटली काय आणि न तुटली काय, सगळा झटका थेट गिअरबॉक्सला बसतो. ऑगर हलतच नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारा, एक-दोन दिवस थांबा, लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडीने हलकं ठोका आणि पुन्हा फिरवून बघा. इथे घाई कामाची नाही.

सिंगल-स्टेजची रबरी पाती

सिंगल-स्टेजमध्ये रबरी पातीच जमिनीला घासतात, म्हणून तीच आधी जातात. मशीन पूर्वी स्वतःहून पुढे ओढायचं आणि आता ढकलावं लागतंय, मागे बर्फाचा पातळ थर सुटतोय, तर पाती झिजली. काही मशीनच्या पात्यांवर झिजेची खूण म्हणून छोटं भोक असतं. कड त्या भोकापर्यंत आली की बदलायची. खूण नसेल तर नव्या पातीच्या फोटोशी ताडून बघा: कड फाटलेली, मधून कापडाचे धागे बाहेर आलेले, मधला भाग कडेपेक्षा आखूड झालेला.

जुनी पाती काढण्याआधी ती कुठल्या दिशेला वळलेली आहेत त्याचा जवळून फोटो घ्या. उलटी बसवली तरी ती बसतात, फक्त बर्फ नीट उडत नाही. सगळी पाती एकदम बदला, एक नवं आणि एक जुनं असं नको. खालचा प्लॅस्टिकचा स्क्रेपरही त्याच वेळी बदलून टाका. पाती नवी आणि स्क्रेपर झिजलेला असेल तर मध्ये फट राहते आणि बर्फ त्या फटीतून मागे निसटतो. बोल्ट बहुतेक लहान असतात, हाताच्या जोरावर आवळले की पुरे. पॉवर ड्रिलने आवळले तर नव्या रबराचीच भोकं फाटतात.

बेल्ट

इंजिन जोरात चाललंय पण ओल्या बर्फात ऑगर दबकतो, फेकण्याचं अंतर कमी झालंय, रबर जळल्याचा वास येतोय, तर बेल्टकडे बघा. टू-स्टेजमध्ये बहुधा दोन असतात: एक ऑगरचा, एक चाकांचा. कडा उसवलेल्या, आतून भेगा गेलेल्या किंवा बाजू काचेसारख्या चकचकीत झालेल्या असतील तर तो बदला. एक बदलायला मशीन उघडलंच आहे तर दुसराही बदलून टाका. मेहनत तीच आहे.

इथे गाडीचा किंवा गिरणीचा व्ही-बेल्ट चालत नाही. स्नोब्लोअरमध्ये बेल्ट म्हणजेच क्लच. लिव्हर सोडली की तो पुलीवर सैल होऊन घसरत राहतो, दाबली की पकडतो. त्यासाठीच त्याचं वेष्टण आणि आतले दोरे वेगळे असतात. साधा बेल्ट लिव्हर सोडल्यावरही पुलीला धरून बसू शकतो, आणि मग ऑगर थांबतच नाही.

१. इंजिन आणि ऑगरच्या मधलं प्लॅस्टिकचं झाकण काढा, दोन-तीन स्क्रू असतात. आतला फोटो वरून, डावीकडून आणि उजवीकडून घ्या.

२. ऑगरचा बेल्ट बहुतेक पुढचा, म्हणजे ऑगरच्या बाजूचा असतो. इंजिनाच्या पुलीजवळ तारेचा किंवा पत्र्याचा एक अडसर असतो, बेल्ट पुलीवरून उडू नये म्हणून. तो सैल करून बाजूला करा, पण तो कुठे होता याची मार्करने खूण करून ठेवा.

३. ताण देणारी छोटी पुली हाताने बाजूला ओढा आणि बेल्ट वरच्या पुलीवरून उतरवा.

४. खालच्या मोठ्या पुलीवरून बेल्ट निघत नसेल तर मशीन मधोमध उघडावं लागतं. च्यूट फिरवायचा दांडा आधी सोडवा, मग पुढचं तोंड आणि मागचं धड जोडणारे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे सैल करा. हे दोघांचं काम आहे: हँडल धरायला एक, बेल्टला एक. एकट्याने केलं तर दोन्ही भाग मध्येच कोलमडतात आणि बोट त्यांच्या मध्ये असतं.

५. जुना आणि नवा बेल्ट शेजारी धरा. रुंदी सारखी हवी. जुना ताणून जरासा लांब झालेला असतो, तेवढा फरक चालतो.

६. नवा बसवा, अडसर खुणेवर परत आणा. प्लगची टोपी काढलेलीच असताना स्टार्टरची दोरी हळू ओढून बेल्ट सरळ फिरतो का बघा, मगच झाकण लावा.

७. केबलचा ताण लावा. लिव्हर सोडलेली असताना केबलला जराशी ढील हवी. मग बाहेर नेऊन इंजिन सुरू करा आणि लिव्हर दाबून सोडा. ऑगर पाच सेकंदांच्या आत थांबलाच पाहिजे. थांबत नसेल तर केबल जास्त ताणली आहे किंवा बेल्ट चुकीचा आहे. तसं मशीन वापरायचं नाही, एका ड्राइव्हवेपुरतंही नाही.

चाकं फिरत नाहीत तेव्हा

ऑगर मस्त फिरतोय पण मशीन चढावर थांबतं, असं होत असेल तर चाकांचा बेल्ट किंवा फ्रिक्शन डिस्क बघा. बऱ्याच टू-स्टेज मशीनमध्ये गिअरबॉक्सऐवजी ही सोपी, हुशार रचना असते. इंजिनाकडून फिरणारी एक सपाट थाळी, आणि तिच्यावर काटकोनात टेकलेलं, रबराची कड असलेलं चाक. वेगाची लिव्हर हलवली की हे चाक थाळीवर सरकतं. मध्याजवळ हळू फिरतं, कडेला जलद, आणि मध्य ओलांडून पलीकडे गेलं की उलटं. तोच आपला रिव्हर्स. काही महाग मशीनमध्ये हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ड्राइव्ह असतो, तिथे ही भानगड नाही.

टाकी रिकामी करा, मशीन पुढच्या तोंडावर उभं करा आणि खालचा पत्रा काढा. चाकाची रबरी कड बघा. रबराला भेगा, सपाट खड्डा किंवा धातू जवळ आलेला दिसला की बदला. धातू थाळीला घासला तर थाळीवर चरे पडतात आणि नवं रबरही लवकर जातं. काही मशीनमध्ये रबराची कडी चार-सहा स्क्रूंनी बसवलेली असते आणि सहज निघते. काहींमध्ये तिच्यासाठी षटकोनी शाफ्ट बाजूला सरकवावा लागतो. तिथे वॉशरांचा क्रम फोटोशिवाय लक्षात राहत नाही.

नवं रबर लावायच्या आधी थाळी रबिंग अल्कोहोलने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करा. थाळीला किंवा रबराला तेलाचा थेंबसुद्धा लागता कामा नये. शाफ्टला ग्रीस लावायचं तर बोटाच्या टोकाने, अगदी थोडं. इथे ग्रीस गन घेऊन बसलात तर नवी डिस्क पहिल्याच दिवशी घसरेल.

इंजिनाचं थोडक्यात

तेल हंगामाच्या सुरुवातीला बदला, बहुतेक मशीनला ५डब्ल्यू-३० लागतं. स्पार्क प्लगची फट सहसा ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिमी, मॅन्युअलमध्ये खात्री करा. पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं चालतं, त्यापुढचं नाही. मार्चमध्ये टाकीत सोडलेलं पेट्रोल नोव्हेंबरात कार्बुरेटर तुंबवतं, म्हणून हंगाम संपताना स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला किंवा टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

एअर फिल्टर शोधत बसू नका. बऱ्याच स्नोब्लोअरना तो नसतोच. बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर असता तर तो ओला होऊन गोठला असता. म्हणूनच शरद ऋतूत पानं उडवायला किंवा वाळू बाजूला करायला हे मशीन चालवायचं नाही.

दुकानाकडे काय द्यायचं

गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल पाझरतंय, इम्पेलरचा पंखा धरून हलवला तर मागेपुढे खेळतो, ऑगर फिरताना कटकट आवाज येतो आणि पिना शाबूत आहेत: ही कामं पहिल्या वर्षी स्वतः करू नका. मशीन फार जुनं असेल आणि इंजिनावर टेकुम्से लिहिलेलं असेल तर आधी सुटे भाग मिळतात का विचारा. त्या कंपनीने २००८ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. काही भागांना पर्यायी माल मिळतो, सगळ्यांना मिळत नाही.

दुकानात देताना नुसतं “चालत नाही” असं सांगू नका. ऑगर फिरतो का, चाकं फिरतात का, वास कुठला येतो, पिना आणि बेल्ट कधी बदलले, हे कागदावर लिहून हँडलला बांधून द्या. मेकॅनिकचा वेळ तासावर मोजला जातो, आणि तो अर्धा तास शोधाशोधीत गेला तरी तुमच्याच बिलावर येतो. अंदाज आधी मागा. तो नव्या मशीनच्या निम्म्यापुढे जात असेल तर पैसे नव्यात घाला आणि जुन्याचे शू, चांगल्या अवस्थेतले बेल्ट आणि नट-बोल्ट काढून ठेवा.